सात नंबरची पिशवी

३ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

मायना लिहितानाच पेन अडखळलं. तुला काय म्हणून हाक मारायची, तो हक्क मी सहा वर्षांपूर्वी माझ्या हातानं घालवला. पण आज मायन्यावर घुटमळायला मला सवड नाही. तुझ्या पिशव्या आहेत. मागच्या अंगणातल्या, जाळीच्या, बाराच्या बारा.

सांगतो. न्हाणीघराची मोरी तुंबली म्हणून परवा नळवाला आला. मातीची जुनी नळी सांध्यात फुटली होती. त्यानं कुदळ घातली आणि दुसऱ्याच घावाला ओढून काढली ती हिरवी जाळी. "काका, हे काय पुरलंय?" म्हणाला आणि फेकणार तोच मी असा ओरडलो की बिचाऱ्याच्या हातातली कुदळ पडली. तुझी सासू पोळपाट तसाच टाकून धावत आली. तिला वाटलं, मी पडलो.

चार नंबरची पिशवी. मक्याच्या साखरेपासून केलेलं ते कडक, काचेसारखं प्लास्टिक. तू पुरताना म्हणाली होतीस, "बाबा, हे नुसत्या मातीत हलणार नाही, याला भट्टीसारखा तापलेला खताचा ढीग लागतो." बरं का, ते हललंय. जाळीत चिमूटभर पांढरा चुरा उरलाय. बोटात धरला तर खडूसारखा मोडतो.

मग मला राहवेना. तीन नंबरही काढली. जंतूंनी स्वतःच्या पोटात साठवलेलं प्लास्टिक म्हणायचीस ते. पिशवीत माती आणि एक गांडूळ, बाकी शून्य. दोन नंबर, म्हणजे दुकानातली साधी पिशवी, आठ वर्षांनी धुऊन पुन्हा भाजी आणता येईल अशी. त्यापुढे मी हात आखडला. उरलेल्या तू सांगशील तशा काढायच्या.

आता कबुली. त्या दिवशी मी तुला म्हणालो होतो की सगळं उपटून फेकलं. फेकलं नव्हतं. रागात बोललो. ते पुढचं वाक्यही रागातलंच होतं, पण ते इथे पुन्हा लिहीत नाही.

तुझा पत्ता हिनं दिला. तो हिच्याकडे सहा वर्षं आहे, आणि दर महिन्याला तुमचं फोनवर बोलणंही होतं, हे मला काल कळलं. वेधशाळेत चाळीस वर्षं काढली, पण घरातल्या हवेचा अंदाज मला कधी आला नाही, असं ही म्हणते.

उपयोग असेल तर कळव. नसेल तरी कळव.

— निरीक्षक (निवृत्त)


१७ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

तुझं पत्र आलं. तीन पानं, एकोणीस सूचना, आणि 'कसे आहात' एकदाही नाही. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. वेधशाळेचे आमचे साहेब असंच लिहायचे.

सगळं तुझ्या बरहुकूम केलं. प्रत्येक पिशवीभोवतीची चार बोटं माती वेगळ्या डब्यात घेतली आणि बारीक चाळणीतून गाळली. तू लिहिलंस ते खरंच लक्षात आलं नव्हतं माझ्या: तुकडे होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे, बारीक कण जाळीतून बाहेर निसटतात आणि आपण समजतो की पचलं. हिची रव्याची चाळणी त्यात कामी आली. ती आता स्वयंपाकघरात परत घेणार नाही, असं हिनं जाहीर केलंय.

मदतीला समोरचे घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून आणि हातात चिमटा घेऊन ते तीन दिवस आमच्या ओट्यावर बसले. सोबतचा तक्ता त्यांच्या नजरेनं आणि माझ्या अक्षरात आहे. थोडक्यात सांगतो.

मोरीकडची ओळ, एक ते सहा. एक नंबर तुझी. तू प्रयोगशाळेत स्वतः ओढलेला तो मऊ पापुद्रा. सगळा भोकाभोकांचा, कसर लागलेल्या लोकरीसारखा. घड्याळजींनी उचलला तर अर्धा चिमट्यात राहिला, अर्धा खाली. अंदाजे एक पंचमांश शिल्लक. भोकांच्या कडेला पांढरे तंतू दिसतात. ते म्हणाले, "ही बुरशी जेवायला बसलीय, उठवू नका." पाच नंबर, ते दोन प्लास्टिकांच्या मिसळीचं, त्याचे दाणे झालेत आणि बरेच दाणे बाहेरच्या मातीत सापडले. सहा नंबर, तुलनेसाठी ठेवलेला कागद, तो गेलाच.

भिंतीकडची ओळ, सात ते बारा, त्याच सहा वस्तू पुन्हा. इथं छताची पागोळी पोचत नाही आणि ऊन दिवसभर. दहा नंबर, म्हणजे तेच काचेसारखं, जसं पुरलं तसं. आरपार वर्तमानपत्र वाचता येतं. नऊ नंबरचासुद्धा निम्मा तुकडा टिकलाय. सात नंबर, तुझंच, पिशवी रिकामी निघाली. आसपासच्या मातीत कण नाहीत. आठ नंबर, साधी पिशवी, ठणठणीत.

आता खरी मजा. चार नंबर का विरघळला? हा प्रश्न मला झोंबला. मोरीच्या नळीशेजारी मातीत मी माझा जुना तापमापक खुपसला, दहा सेंटिमीटर खोल. सकाळी सहाला एकवीस अंश. मी आंघोळ केली. साडेसातला अठ्ठेचाळीस!

नळी सांध्यात गळत होती, नेमकी चार नंबरच्या डोक्यावर. गच्चीवरच्या सौर तापकातलं कढत पाणी, रोज तीन बादल्या, आठ वर्षं. तू म्हणायचीस ना, की आधी पाणी शिरून लांब साखळ्यांचे तुकडे करतं, आणि ते तुकडे तोंडात मावण्याइतके लहान झाले की मगच जंतू त्याकडे बघतात. आणि पाणी गरम असलं की ही कापाकापी भराभर होते. म्हणजे ते मातीनं नाही केलं, माझ्या आंघोळीनं केलं. "एवढं कढत पाणी कशाला, सोलून निघाल," असं ही मला चाळीस वर्षं ऐकवतेय. आज तिला तक्ता दाखवला. म्हणाली, "विज्ञान पुढे गेलं असेल, बादल्या दोनच."

शिवाय एक गोष्ट तुला माहीत नाही. मातीचं तापमान आणि पाऊस यांची नोंद मी थांबवली नाही. रोज सकाळी आठला, दोन्ही ओळींच्या टोकाला, नळीपासून लांब. एक दिवसही गाळलेला नाही. आठ वह्या आहेत. पाठवू?

— निरीक्षक


२ मार्च

चि. सूनबाई,

वह्या पोचल्याचं कळलं. आमच्या घरातून काहीतरी तुझ्या टेबलावर गेलं, याचं बरं वाटलं.

तुझ्या पत्रातलं सात नंबरवरचं सगळं वाचलं. दोनदा वाचलं. ओल्या मातीत थोडं उरलं आणि कोरड्या मातीत कणही नाही, म्हणजे आजवरच्या समजाच्या उलट. कोरड्यातच जगणारी एखादी बुरशी त्या भिंतीपाशी असली पाहिजे. तिच्यासाठी तू मातीचे वीस नमुने मागवलेस. आणि तुझे वरिष्ठ खूश झालेत, कारण आता त्या पापुद्र्याच्या पाकिटावर 'कुठल्याही मातीत विरघळते' असं छापता येईल. पंचवीस तारखेला समितीपुढे तू सही करणार.

मला वाटतं, एवढी घाई नको. एका पिशवीवर कुणी इमला बांधतं का?

मातीचे नमुने भरायला घेतलेत. नळवाल्यानं नवी नळी बसवली, आता गळत नाही. घड्याळजींच्या डोळ्याला भिंगाचा वळ उठलाय, तो ते अभिमानानं मिरवतात. हिनं विचारायला सांगितलंय की तुझ्या लेकीचा, धाकटीचा, खोकला गेला का.

— निरीक्षक


६ मार्च

पोरी,

हे पत्र लांबवण्यात अर्थ नाही. सात नंबरची पिशवी रिकामी निघाली हे खरं. ती मातीनं रिकामी केली नाही. मी केली.

तू दुसऱ्या लग्नाचं सांगायला आली होतीस तो दिवस. तू हॉलमध्ये खुर्चीच्या काठावर बसली होतीस आणि म्हणालीस, "बाबा, मागच्या पिशव्या तेवढ्या राहू द्या. मी येऊन काढीन." आणि मी म्हणालो ते तू विसरली नसशील. "उपटून फेकल्या. आता या घरात तुझं काही पुरलेलं नाही." माझ्या मुलाला जाऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं, आणि मला वाटत होतं की दुःख म्हणजे माझी एकट्याची मिळकत आहे.

तुझी गाडी वळणावरून गेली आणि मी फावडं घेतलं. बोललो ते खरं करून दाखवायचं होतं. भिंतीकडून सुरुवात केली, म्हणून पहिली हाताला लागली ती सात नंबर. पिशवीतली पट्टी, म्हणजे तुझा तो पापुद्रा, बाहेर काढली. मातीनं भरली होती, अंगठ्यानं पुसली, तर खाली त्याच्या हातचा सातचा आकडा. तो सातला कशी लांब शेपटी काढायचा, तुला माहीत आहे. तुम्ही दोघांनी ते खड्डे खणले तेव्हा बारा पट्ट्यांवर बारा आकडे त्यानंच रंगवले होते. पुढचं फावडं काही उचलवेना.

पट्टी मी ठेवून घेतली. रिकामी पिशवी खड्ड्यात घातली आणि वर माती लोटली. हिला दिसू नये म्हणून. हे माहीत असताना मी तुला लिहिलं, 'पिशवी रिकामी निघाली'. शब्द खरे आणि गोष्ट खोटी. तुझ्या पत्रांतला हुरूप बघून मला वाटलं, तुझ्या स्वतःच्या हातचा पापुद्रा मातीत मिसळून गेला असं कळलं तर तुला केवढा आनंद होईल. मला तुला काहीतरी द्यायचं होतं. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

तुझं पत्र मी हिला वाचून दाखवत होतो. बुरशीचं आलं तेव्हा ती म्हणाली, "सात नंबरचं तिला सांगितलंत का?"

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"स्वयंपाकघराला खिडकी आहे," ती म्हणाली. "सहा वर्षं वाट बघतेय, स्वतःहून कधी बोलताय. चाळीस वर्षांत एक मिलिमीटर पाऊस वाढवून लिहिला नाहीत. साहेब म्हणाले, पेपरात आलंय जास्त, थोडं जुळवून घ्या, तरी नाही लिहिलात. आणि आता ती पोर तुमच्या शब्दावर सही करणार, नि तुम्ही घाई नको म्हणता?"

मग ती उठून गेली, आणि मी हे लिहायला बसलो.

ती बुरशी नाही. शोधू नकोस. सही करू नकोस. तुझ्या वरिष्ठांना सांग की निरीक्षकानं खोटी नोंद केली होती. माझं नाव लाव. लाज वाटते, पण ती माझी मला वाटू दे.

— बाबा


१२ मार्च

पोरी,

काल तुझा फोन आला. मी उचलला. तू काय काय म्हणशील याची तयारी केली होती, पण तू जे विचारलंस त्याची नव्हती.

"बाबा, ती पट्टी कुठाय?"

"पेटीत."

"कुठल्या पेटीत?"

"वेधशाळेची. झडपांची. तापमापक टांगतो ती, पांढरी."

"म्हणजे सावलीत, कोरड्यात, सहा वर्षं. दिसते कशी?"

मी तसाच फोन घेऊन अंगणात गेलो. "एका कोपऱ्याला दोन पिवळे ठिपके. बाकी आहे तशी. ताणली तर ताणते."

आणि तू हसलीस. मला वाटलं, रडतेस. हिनंही तेच विचारलं, "रडतेय का ती?" मग तू समजावून सांगितलंस, पण मला निम्मं कळलं नाही. हिनं संध्याकाळी पुन्हा सगळं मला फोड करून सांगितलं, ते बरोबर आहे का बघ. ती पट्टी काढली तेव्हा तिला कोरड्या मातीत दोन वर्षं होऊन गेली होती. दोन वर्षांत तिचं काही वाकडं झालं नाही. म्हणजे 'कुठल्याही मातीत विरघळते' हे खोटं, आणि ते खोटं आहे हे सांगणारा एकमेव पुरावा माझ्या झडपांच्या पेटीत टांगलेला. एक नंबर आणि सात नंबर, एकच पापुद्रा, एकच अंगण, एक ओल्यात एक कोरड्यात. तू म्हणालीस, तुला पहिल्यापासून हीच शंका होती, पण वरिष्ठांपुढे ठेवायला हातात काही नव्हतं, आणि माझ्या तक्त्यानं तर तुझी शंकाच पुसून टाकली होती.

फोनवर तू एक गोष्ट अडखळत विचारलीस. साखळ्या किती तुटल्या ते मोजायचं तर पट्टी कापून द्रावणात घालावी लागेल. मी उत्तर दिलं नाही. आता देतो. काप. आकडा उजव्या टोकाला आहे, डावीकडून सुरुवात कर. पुरलं नाही तर आकडाही घाल. त्यानं तो आकडा प्रयोगासाठी रंगवला होता, माझ्या पेटीसाठी नाही.

टपालावर माझा भरवसा नाही. आम्ही दोघं येतो. वीस तारखेला निघू, एकवीसला पोचू. चार दिवसांत मोजून होईल ना? घड्याळजींना यायचं होतं, त्यांना मोठ्या मुश्किलीनं थांबवलंय. त्यांनी पट्टी दोन काचांमध्ये धरून चौकट करून दिलीय, स्क्रूसकट. हिनं पिशवी भरायला घेतलीय, प्रवासाला आठ दिवस असताना.

तुमच्या घरी उतरायचं की आसपास कुठे खोली घ्यायची, ते मोकळेपणानं कळव. तुझ्या माणसाला अवघड व्हायला नको.

— बाबा


३० मार्च

पोरी,

सुखरूप पोचलो. घड्याळजी स्टेशनवर आले होते. सामान घ्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय निकाल?" मी फलाटावरच उभा राहून सांगितलं. ते 'कुठल्याही' गेलं. आता पाकिटावर छापायचं, 'सतत ओल असलेल्या मातीत विघटन होते. कोरड्या मातीत होत नाही.' समितीनं पाच वेगवेगळ्या ठिकाणी दोन-दोन वर्षांची नवी पुरणी मंजूर केली आणि त्यातलं एक ठिकाण आमचं अंगण. घड्याळजींनी तिथंच भिंग खिशातून काढून डोळ्याला लावून दाखवलं.

तुझे वरिष्ठ तुझ्याशी अजून बोलत नाहीत, असं ही म्हणाली. बोलतील. आमचे साहेब पावसाच्या त्या नोंदीनंतर चार महिने बोलले नव्हते. नंतर मुलीच्या लग्नाचा दिवस ठरवताना हवामान विचारायला माझ्याकडेच आले.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तू समितीच्या खोलीतून बाहेर आलीस तेव्हा आम्हा तिघांकडे बघून विचारलंस, "काय झालं? असे काय दिसताय?" आणि आम्ही तिघांनी 'काही नाही' म्हटलं. झालं होतं. ते तोंडानं सांगणं मला जमलं नसतं.

ही दुकानात गेली होती. बाकावर मी, तुझा नवरा आणि मध्ये धाकटी. ती चपला काढून पाय हलवत फरशा मोजत होती. मी येताना सगळ्या रस्त्यात एक वाक्य जुळवत होतो. तुझ्याजवळ माफी मागून झाली होती पहिल्याच दिवशी, तू काही बोलू दिलं नाहीस ते वेगळं. पण त्याच्याजवळ राहिली होती. चार दिवस त्यानं मला स्वतःची खोली दिली, सकाळी मला लागतं तसं पाणी काढून ठेवलं, माझी हलणारी दाढ बघून दिली, आणि त्याला अहो-जाहो करण्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती.

मी म्हटलं, "लग्नाआधी मी तिला एक वाक्य बोललो होतो."

तो म्हणाला, "माहीत आहे. पुरलेलं नाही, ते."

"तिनं सांगितलं?"

"आम्ही ठरवलं त्याच आठवड्यात. म्हणाली, त्या घराचं मला अजून दुखतं, आणि ते दुखणार. हे चालत असेल तर हो म्हण."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"मी दातांचा डॉक्टर आहे," तो म्हणाला. "दुखतंय म्हणून लगेच उपटून टाका म्हणणाऱ्यांना रोज समजावतो. दुखतंय म्हणजे मूळ जिवंत आहे."

माझं वाक्य जुळवलेलं होतं ते सगळं विसरलो. नुसतं म्हटलं, "चुकलं माझं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, आणि तुम्हालाही त्या घरातून हाकललं मी, न बघता."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नव्या खड्ड्यांना माणूस लागेल ना? मला रविवार मोकळे असतात."

तेवढ्यात धाकटीनं फरशा सोडल्या. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई तुम्हाला बाबा का म्हणते? आईचे बाबा तर फोटोत आहेत."

चाळीस वर्षं मी डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिलं. हे काय दिसतंय आणि त्याची कुठल्या रकान्यात नोंद करायची, मला कळेना. मी त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "अगं, ते तुझे आजोबा."

तिनं मला खालून वर पाहिलं. पटलं असावं. पण एक शंका राहिली.

"मग आधी का नाही आलात?"

"चुकलो होतो," मी म्हटलं.

"रस्ता?"

"हो."

"मग आईला फोन करून विचारायचं ना," ती म्हणाली. "आई सगळ्यांना सांगते."

तो हसायला लागला. मीही हसायला लागलो, आणि मला रुमाल सापडेना. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. त्याच वेळी दार उघडलं, आणि हातात कागद घेऊन तू बाहेर आलीस.

— बाबा